गाठ आहे तशीच आहे

६ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत तुझी चार होऊन जातात, म्हणून म्हटलं या वेळी लिहावं. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

ऑपरेशनला आता तीन महिने होतील. ह्यांनी तुला फोनवर एवढंच सांगितलं होतं, की गळ्यातली गाठ काढली आणि मी सुखरूप आहे. बाकीचं मी सांगते.

मुळात मला काहीच होत नव्हतं. गिळायला त्रास नाही, दुखणं नाही, हाताला काही लागत नव्हतं. आमच्या एसटी डेपोत मानेच्या तपासणीचं शिबिर आलं होतं. चालकांच्या विश्रांतीच्या खोलीत पडदा लावून सोनोग्राफीचं मशीन ठेवलं होतं. माझी पाळी संपली होती, रांग छोटी होती, म्हणून उभी राहिले. मशीनवरच्या मुलीने गळ्याला गार जेल लावलं, एकाच जागी मशीन पुन्हा पुन्हा फिरवलं आणि डॉक्टरांना हाक मारली. चार मिलिमीटरची गाठ. मग सुई घालून तपासली, तर कॅन्सर निघाला. सर्जन म्हणाले, इतकं लहान असताना कुणाचं सापडत नाही, तुम्ही नशीबवान. पुन्हा डोक्याला ताप नको म्हणून त्यांनी थायरॉइडची सगळी ग्रंथीच काढून टाकली. आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर. बाकी काही नाही.

कामावर मला घोषणेच्या खिडकीवरून आत हलवलंय. हरवलेल्या सामानाची खोली माझ्याकडे आली आहे. छत्र्या, डबे, चष्मे. एक कवळीसुद्धा आहे. ती न्यायला अजून कोणी आलेलं नाही. येऊन तरी बिचारा मागणार कशी? एकूण आराम आहे. दिवसभर माईकसमोर घसा कोरडा करायला नको.

आता मुद्द्याचं. आपण सख्ख्या बहिणी. माझ्या गळ्यात निघालं तर तुझ्याही असू शकतं. तू उद्याच जाऊन सोनोग्राफी करून घे. तलाव, तुझे विद्यार्थी, स्पर्धा यातलं एकही कारण मी ऐकणार नाही. 'बघू' म्हणालीस तर याद राख. बाबांच्या वेळी आपण 'बघू'च म्हणत होतो.

तुझी,
ताई


२ मार्च

ताई,

नमस्कार. तुझी आज्ञा पाळली. आता त्याचं काय झालं ते वाच.

सोनोग्राफी केली. उजव्या बाजूला सात मिलिमीटरची गाठ आहे. रिपोर्ट हातात पडला तेव्हा मी तलावावरच होते. लहान मुलांची तुकडी पाण्यात होती. त्यांना वाटलं मी शिट्टी वाजवायला विसरले. ती सगळी काठ धरून माझ्याकडे बघत राहिली, आणि मी तो कागद बघत राहिले. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सोडू का काठ?" तेव्हा मी भानावर आले.

इथल्या मोठ्या दवाखान्यात ग्रंथींच्या आजारांच्या एक डॉक्टर आहेत, पन्नाशीच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी आधी हेच विचारलं, की त्रास काय होतोय म्हणून आलात? मी म्हटलं, काही नाही, बहिणीने पाठवलं. त्यांनी एक सुस्कारा टाकला. मग चित्रं नीट पाहिली, स्वतः पुन्हा मशीन लावलं, मानेच्या दोन्ही बाजूंच्या अवधाणाच्या गाठीही पाहिल्या, कॅन्सर पसरला तर तिथे दिसतो म्हणून. त्या साफ आहेत.

त्या म्हणाल्या, तुमच्या वयाच्या बायकांच्या गळ्याला मशीन लावलं तर निम्म्याजणींत काही ना काही दिसतं. त्यातल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. तुमची मात्र दिसायला अगदीच साधी नाही. रंग जरा गडद आहे, एक कड खडबडीत आहे. तरीही ती एक सेंटिमीटरच्या आत आहे, श्वासनलिकेपासून आणि आवाजाच्या नसेपासून लांब आहे. तेव्हा सुई घालायची नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं.

ताई, मी खुर्चीतून उठले नाही. मी विचारलं, आणि कॅन्सर असला तर? त्या शांतपणे म्हणाल्या, असू शकतो. पण एवढ्या आकाराचा असला तर बहुधा वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. हललाच तर आपल्याला दिसेल, आणि तेव्हा काढला तरी उशीर झालेला नसतो.

मला हे पटलं की नाही, कळत नाही. त्यांच्या खोलीत पटलं होतं. जिना उतरेपर्यंत निम्मं उरलं. तुला काय वाटतं?

ठकू


११ मार्च

ठकू,

तुझं पत्र वाचून मला काय वाटलं ते लिहीत नाही.

मशीनवर स्पष्ट दिसणारी गाठ आहे, ती दिसायला साधी नाही असं स्वतः डॉक्टरच सांगतात, कॅन्सर असू शकतो हेही सांगतात, आणि वर म्हणतात घरी जा. माझी चार मिलिमीटरची होती आणि माझी पूर्ण ग्रंथी काढली. तुझी जवळजवळ दुप्पट आहे, आणि तू पोहायला शिकवतेस!

मी माझ्या सर्जनशी बोलले. ते तुला तीस तारखेला तपासतील आणि लगेच पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करतील. ह्यांनी तुझ्या नवऱ्याशी बोलून ठेवलंय. त्याला सगळं पटलंय. राहायची सोय आमच्याकडे. आमची पोरगी तिची खोली देणार आहे.

बाबांना आठव. वर्षभर त्यांच्या पोटात दुखत होतं. आपण म्हणत होतो, वय झालं, पचत नसेल, उन्हाळा संपू दे. तू तेव्हा लहान नव्हतीस. शेवटी डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. मला पुन्हा कुणाच्या बाबतीत ते वाक्य ऐकायचं नाही, की आधी का नाही आलात.

तीस तारखेला ये. याच्यावर चर्चा नको.

ताई


३० मार्च

ताई,

आज तीस तारीख आहे आणि मी तुझ्याकडे नाही.

येणार होते. बॅग भरली होती, आमच्या ह्यांनी दोघांची तिकिटं काढली होती. तुझं पत्र आल्यापासून ते जेवताना माझ्या गळ्याकडेच बघायचे. मी घास गिळला की ते गिळायचे. "काढून टाक एकदाचं," एवढंच म्हणायचे. मलाही वाटायला लागलं होतं, की काढून टाकलेलं बरं. गाठीपेक्षा घरातल्या माणसांची तोंडं बघवत नव्हती.

निघायच्या दोन दिवस आधी मी पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेले. या वेळी ह्यांना घेऊन गेले. बाबांचं सगळं सांगितलं. म्हटलं, आमच्या घरात उशीर झालेला आहे एकदा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना त्रास होत होता आणि कोणी बघत नव्हतं. तुम्हाला त्रास नाही आणि सगळे बघतायत. या दोन गोष्टी एक नाहीत."

आमचे हे खुर्चीत जरा मागे टेकले. महिनाभरात पहिल्यांदा.

मग त्यांनी ऑपरेशनचीही बाजू सांगितली. काढायचंच म्हटलं तर काढता येईल, मी अडवणार नाही, म्हणाल्या. पण गोळी जन्मभर लागू शकते. कधीकधी कॅल्शियम घसरतं, क्वचित आवाजाच्या नसेला धक्का बसतो. ज्या गाठीने तुमचं काही बिघडवलेलं नाही आणि कदाचित कधीच बिघडवणार नाही, तिच्यासाठी हे पत्करायचं का, ते तुम्ही ठरवा. आणि थांबायचं असेल तर नीट थांबा. तारीख चुकवायची नाही, मान सुजली, आवाज बसला, गिळताना अडकायला लागलं तर तारखेची वाटही बघायची नाही.

मी थांबायचं ठरवलं आहे. रागावू नकोस. हे 'बघू' नाही. खरंच बघायचं ठरवलंय, ऑगस्टच्या शेवटी.

तुझी केसही मी त्यांना सांगितली. तुला सांगून टाकते, कारण तुझ्यापासून काही लपवलेलं मला पचत नाही. त्या म्हणाल्या, त्रास नसलेल्या माणसांना रांगेत उभं करून गळे तपासायलाच नकोत, आणि चार मिलिमीटरच्या गाठीत सुई कशाला घालायची?

ठकू


२० जून

ताई,

माझ्या पत्राला अडीच महिने उत्तर नाही. फोन केला की भावजी उचलतात. कधी तू झोपलेली असतेस, कधी अंघोळीला गेलेली. रविवारी दुपारी केला तर म्हणाले, शेजारी गेली आहे. मागून तुझ्या खोकल्याचा आवाज आला. तुझा खोकला मी ओळखते, एका खोलीत वाढलोय आपण.

शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं. मला वाटलं होतं मी खरं सांगतेय. पोस्टात टाकल्यावर लक्षात आलं, की ते तू वाचणार आहेस, आणि तुझ्या गळ्यातलं काढून झालेलं आहे.

तू रागाने लिहिलंस तरी चालेल. पण लिही.

ठकू


९ जुलै

प्रिय ठकू,

मी शेजारी गेलेली नव्हते. फोनच्या बाजूलाच बसले होते.

माझा आवाज गेला आहे. पूर्ण नाही. कुजबुज करावी इतका आहे, त्यात हवा जास्त आणि शब्द कमी. सकाळी थोडा बरा असतो, दुपारनंतर कागद फाडल्यासारखा येतो. आवाजाच्या दोन पट्ट्यांपैकी एक हलत नाही. ऑपरेशनमध्ये नस दुखावली गेली. सर्जनने हे लपवलं नाही. म्हणाले, असं कधीकधी होतं, कुणाच्याही हातून होतं, काहींचा परत येतो. मीही चिडले नाही. कॅन्सर गेला होता ना. त्यापुढे आवाजाचं काय, असं वाटलं.

महिनाभराने कामावर गेले. बावीस वर्षं मी त्या खिडकीत बसले, ठकू. फलाट क्रमांक सांगताना मला कागद लागत नव्हता. त्या दिवशी माईक चालू करून मी पहिली गाडी सांगितली आणि फलाटावर कोणी हललंच नाही. लोक वर कर्ण्याकडे बघायला लागले. एक चालक खिडकीशी येऊन म्हणाला, बाई, यंत्र बिघडलंय. गाडी निम्मी रिकामी गेली. मी दोन दिवस प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी आतल्या खोलीची किल्ली दिली, अगदी चांगल्या शब्दांत. तुला मी लिहिलं होतं, एकूण आराम आहे.

हाताची बोटं झिणझिणतात, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून तीनदा. एक चुकली की तोंडाभोवती मुंग्या येतात. मला फोनवर तुझ्याशी बोलायचं नव्हतं, कारण तू ऐकताक्षणी ओळखलं असतंस, आणि मग तू तपासून घ्यायला गेली नसतीस.

आणि मग तुझं मार्चचं पत्र आलं.

तुझ्यावर रागावले हे खरं आहे. पण तुझा जीव वाचावा म्हणून रागावले असं मी स्वतःला सांगत होते, ते पूर्ण खरं नव्हतं. तू थांबलीस आणि ठणठणीत राहिलीस, तर मी कशासाठी गेले तिथे? तू ऑपरेशन करून घेतलं असतंस तर आपण दोघी वाचलेल्या बहिणी झालो असतो. तू नाही म्हणालीस आणि मी एकटी पडले. तुला तीस तारखेला ये म्हणून लिहिलं, तेव्हा माझी बोटं झिणझिणत होती, आणि तरी लिहिलं. त्यातून काय समजायचं ते समज.

आता लोक मला म्हणतात, वाचलीस. तुझ्या डॉक्टरांच्या मते मी फुकट कापून घेतलं. तू मला यातलं काहीच म्हणू नकोस.

ताई


२४ जुलै

ताई,

काहीच म्हणत नाही.

तुझं पत्र घेऊन तलावाच्या पायऱ्यांवर बसले होते. आमच्या ह्यांनी येऊन विचारलं, काय झालं? मी पत्र त्यांच्या हातात दिलं. वाचून त्यांनी एवढंच विचारलं, ताईंना भेटायला कधी जायचं?

दोन गोष्टी लिहायच्या आहेत. एक, आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई इथे दवाखान्यात आहेत. मी तुझं नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, एक पट्टी हलत नसली तर दुसरीला जास्त पुढे यायला शिकवता येतं. पहिल्यासारखा होईल असं त्या म्हणत नाहीत. पण समोरच्या माणसाला ऐकू येईल इतका होऊ शकतो. त्यासाठी एक इंजेक्शनही असतं म्हणे, ते तज्ज्ञांना विचारावं लागेल.

दुसरी, मी ठणठणीत आहे असं तू लिहिलंस. तशी आहे. पण मलाही हे फुकट पडत नाही. पोहताना श्वासासाठी मान वळवली की उजवीकडे काहीतरी आहे असं वाटतं. काही लागत नाही, हे मला माहीत आहे. तरी रोज आरशासमोर हात गळ्याकडे जातो. घसा जरा दुखला की मी हिशोब मांडत बसते. थांबणं म्हणजे निवांत बसणं, असं मला आधी वाटायचं.

ऑगस्टच्या अठ्ठावीस तारखेला माझी तपासणी आहे. तू सोबत येशील? बोलायची गरज नाही. नुसती बाकावर बस.

ठकू


५ सप्टेंबर

ताई,

नीट पोहोचलीस ना?

लेखी रिपोर्ट काल मिळाला. गाठ आहे तशीच आहे. सात मिलिमीटर. आता पुढची खेप एक वर्षाने. आमचे हे तो कागद घेऊन घरभर फिरले आणि मग मला विचारतात, "म्हणजे काहीच झालं नाही ना?" मी म्हटलं, हो, काहीच झालं नाही. त्यासाठीच गेलो होतो.

व्यायामाच्या बाईंनी दिलेलं रोज करतेस का? त्या म्हणाल्या होत्या, लाज वाटली तरी मोठ्याने करायचं.

एक विचारायचं राहिलं. मी आत जेल पुसत होते तेव्हा तू डॉक्टरबाईंशी काहीतरी बोलत होतीस. मग बसस्टँडपर्यंत तू गप्प होतीस, आणि मीही विचारलं नाही. सांगावंसं वाटलं तरच सांग.

ठकू


२३ नोव्हेंबर

प्रिय ठकू,

व्यायाम करते. पोरगी म्हणते, घरात म्हैस पाळल्यासारखं वाटतं. पण गेल्या आठवड्यात दुकानदाराने मला 'काय म्हणालात?' असं एकदाही विचारलं नाही.

डॉक्टरबाईंना मी विचारलं होतं, "माझी काढायला नको होती का?" त्या म्हणाल्या, "तुमची गाठ मी तेव्हा पाहिलेली नाही. ती पुढे काय करणार होती, हे आता कुणीच सांगू शकत नाही. आज तुम्ही तशीच घेऊन माझ्याकडे आला असता, तर मी थांबले असते." मी म्हटलं, ठीक आहे. त्या म्हणाल्या, ठीक नाहीये, पण माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. मला त्या बाई आवडल्या. म्हणून गप्प होते.

आता इकडची बातमी. परवा डेपोत पुन्हा तेच शिबिर झालं. या वेळी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. ह्यांनी मला न विचारता पोरीचं नाव दिलं होतं. मला विचारायचं कशाला, फेब्रुवारीपासून मीच तर तिच्या मागे लागले होते. शिबिरवाल्यांनी मला सुरुवातीला दोन शब्द बोलायची विनंती केली होती. गेल्या वर्षी सापडलेली, वाचलेली बाई म्हणून. माझं नाव त्यांनी फळ्यावरही लिहिलं होतं.

मी नाही म्हणणार होते. मग गेले. विश्रांतीच्या खोलीत बाकांवर बायका बसल्या होत्या, आमच्या झाडणाऱ्या, तिकिटवाल्या, चालकांच्या बायका. पोरगी रांगेत चौथी की पाचवी. माझ्या हातात माईक दिला. वर्षभराने हातात आला.

मी सगळं सांगितलं. काय सापडलं, काय काढलं, आवाज कसा गेला, गोळ्या किती. मग म्हटलं, "ज्यांच्या हाताला गाठ लागते, गिळताना अडकतं, आवाज बदललाय, लहानपणी मानेवर किरणांचे उपचार झालेत किंवा घरात एकापेक्षा जास्त जणांना हा आजार आहे, त्यांनी आजच दवाखान्यात जावं, इथेही थांबू नये. ज्यांना काहीच होत नाही, त्यांनी रांगेत राहायच्या आधी विचारावं, की सापडलं तर पुढे काय करणार, आणि नाही केलं तर काय होईल." माझा आवाज मध्येच दोनदा तुटला. मागच्यांना कितपत ऐकू आलं, देव जाणे. शिबिरातले डॉक्टर तरुण होते. ते चिडले नाहीत. व्यवस्थापकांनी मात्र माईक जरा घाईने परत घेतला आणि टाळ्या वाजवल्या.

तुला वाटेल सगळ्या उठून गेल्या. नाही. तिघी-चौघी गेल्या असतील. बाकीच्या तशाच बसून राहिल्या. एकजण मला म्हणाली, तुम्ही वाचलात म्हणून हे बोलू शकता. तिचं मला पटत होतं.

पोरगी रांगेतून माझ्याकडे आली. तिने विचारलं, "आई, गेल्या वर्षी तुला कुणी हे सांगितलं असतं, तर तू गेली असतीस का निघून?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "नाही. मी रांगेतच राहिले असते. मला आजोबाच दिसले असते."

तिने मागे वळून रांगेकडे पाहिलं. तिची जागा अजून कोणी घेतली नव्हती. मागच्या बाईने मध्ये अंतर ठेवलं होतं, ती परत येईल म्हणून. पोरीने त्या बाईला हाताने खूण केली, की तुम्ही पुढे सरका.

तुझी,
ताई